वेबसाइटचे पत्ते बदलताना गूगलमधली जागा कशी राखायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साइटला नवं डिझाइन चढलं की पंधराएक दिवसांनी फोन येतो. “दादा, साइट छान दिसतेय, पण गूगलवरून माणसंच येईनात.” थोडं खोदून विचारलं की कळतं, डिझाइनसोबत पानांचे पत्तेही बदललेत आणि ते मालकाला कुणी सांगितलेलंच नाही. मी कामं करतो ती बहुतेक छोट्या मराठी साइटींची: पाककृती, पर्यटन, तालुक्याच्या बातम्या, एखादं मसाल्याचं दुकान. खालचे प्रश्न अशाच फोनांवर विचारले गेलेले आहेत. पत्ते बदलायच्या आधी वाचलेत तर उत्तम, नंतर वाचलेत तरी बरंच काही वाचवता येतं.

पानावरचा मजकूर तोच आहे, नुसता यूआरएल बदलला. एवढ्याने रँक जातो?

जातो, कारण गूगलच्या लेखी पानाची ओळख म्हणजे त्याचा यूआरएल, म्हणजेच पत्ता. तुमच्या पुरणपोळीच्या पानाला गेल्या आठ वर्षांत ज्यांनी लिंका दिल्या, त्या सगळ्या जुन्या पत्त्याच्या खात्यावर जमा आहेत. नवा पत्ता म्हणजे कोरी पाटी.

ही जमा नव्या पत्त्यावर वळती करायचं साधन म्हणजे रिडायरेक्ट: जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्यावर नेणारा नियम. पूर्वी असं मानलं जायचं की रिडायरेक्टमधून जाताना पेजरँकची, म्हणजे लिंकांमुळे पानाला मिळणाऱ्या वजनाची, थोडी गळती होते. ३०१, ३०२ अशा क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या कुठल्याही रिडायरेक्टमध्ये आता ती होत नाही, असं गूगलच्या गॅरी इलिस यांनी २०१६ साली जाहीरपणे सांगितलं. म्हणजे काम नीट केलं तर थोडे दिवस हेलकावे बसतात आणि गाडी रुळावर येते. बसलेली ट्रॅफिक वर येतच नाही अशा साइटी मी पाहिल्यात, आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी रिडायरेक्ट एकतर नव्हतेच किंवा भलत्याच पानावर नेत होते.

मग पत्ते बदलावेत की नाही?

माझं उत्तर बहुतेक वेळा “नाही” असतं, आणि त्यात माझंच बिल बुडतं. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलंय की चांगले यूआरएल बदलत नाहीत. त्यांना बदलतात ती माणसं.

“पत्त्यात कीवर्ड नाहीत म्हणून बदलतोय” हे सगळ्यात जास्त ऐकू येणारं आणि सगळ्यात लटकं कारण. पत्त्यातल्या शब्दांचं वजन अगदी किरकोळ आहे, हे गूगलची माणसं वर्षानुवर्षं सांगताहेत. त्या किरकोळ फायद्यासाठी सगळं घर हलवायचं नसतं. खरी कारणं वेगळी असतात: दोन साइटी एक करायच्यात, जुनी प्रणाली सोडून नवी घ्यायचीय, किंवा विभागांची रचना इतकी विस्कटलीय की तुमचं तुम्हालाच काही सापडत नाही. तेव्हा बदला, पण एकदाच. डिझाइन, होस्टिंग, डोमेन आणि पत्ते हे सगळं एकाच रात्री बदललं तर पुढे काय बिघडलं ते शोधणं म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणं.

शहराचंच नाव बदललं. पत्त्यातलं “औरंगाबाद” काढून “छत्रपती संभाजीनगर” करायचं का?

२०२३ पासून पर्यटनाच्या साइटवाल्यांकडून हा प्रश्न सारखा येतो. उस्मानाबादचं धाराशिव झालं तेव्हा आला, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं तेव्हा पुन्हा आला. माझं मत: पानाचं शीर्षक बदला, मजकुरात नवं नाव घाला, जुन्याचा एकदा उल्लेख राहू द्या, कारण लोक दोन्ही नावांनी शोधतात. यूआरएल मात्र आहे तसा ठेवा. वाचकाचं तिकडे लक्षही जात नाही. अगदीच खटकत असेल तर बदला, पण रिडायरेक्ट लावून. मराठी विकिपीडियावर लेखाचं शीर्षक हलवलं की जुन्या नावाच्या जागी आपसूक पुनर्निर्देशन राहतं. तीच शिस्त.

३०१, ३०२, ३०७, ३०८… नेमका कुठला लावू?

कायमचा बदल असेल तर ३०१. ३०८ हाही कायमचाच, फक्त फॉर्म भरून पाठवण्यासारख्या विनंत्या तो जशाच्या तशा पुढे नेतो. साध्या लेखांच्या पानांना ३०१ पुरतो. ३०२ आणि ३०७ तात्पुरते. ३०२ लावलात म्हणून आभाळ कोसळत नाही, पण गूगल बराच काळ जुनाच पत्ता खरा धरून बसू शकतं.

एक व्यवहारातली गोष्ट. ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतो. चाचणी करताना चुकीचा ३०१ लावलात आणि मग नियम सुधारलात, तरी तुमच्या लॅपटॉपवर तो चुकीच्याच पानावर नेत राहतो आणि तुम्ही तासभर डोकं आपटत बसता. म्हणून आधी ३०२ लावून तपासायचं, सगळं जुळलं की ३०१ करायचं. तपासायचंही इनकॉग्निटो खिडकीत.

जुन्या पत्त्यांची यादी कुठून मिळवायची?

या सगळ्या कामातला खरा घाम इथे गळतो. जुना पत्ता डावीकडे, नवा उजवीकडे, अशी एक एक्सेल शीट तयार झाली की निम्मं काम संपलं. आणि ती शीट जुनी साइट चालू असतानाच करायची. नंतर करायची म्हणजे पाडलेल्या वाड्याचा नकाशा आठवून काढणं.

एकाच ठिकाणाहून यादी पुरी होत नाही. साइटमॅपमधून, म्हणजे साइटच्या पत्त्यांची यादी असलेल्या फाइलीतून, सुरुवात करा, पण त्यात आज चालू असलेलीच पानं असतात. सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनातून गेल्या १६ महिन्यांत ज्या पानांवर क्लिक आले ती काढा. तिथून एका वेळी १००० ओळीच उतरतात, म्हणून विभागवार फिल्टर लावून चार-पाचदा उतरवा. त्याच कन्सोलमधला लिंकांचा अहवाल घ्या, कारण बाहेरून लिंका आलेली पानं सगळ्यात मोलाची. साइट लहान असेल तर स्क्रीमिंग फ्रॉग हे क्रॉलर (साइटवर फिरून पत्ते गोळा करणारं आणि तपासणारं सॉफ्टवेअर) ५०० पत्त्यांपर्यंत फुकट चालतं.

आणि सर्व्हर लॉग, म्हणजे कुठल्या पत्त्यावर कोण येऊन गेलं त्याच्या नोंदी. होस्टिंगवाल्याकडे मागितले की तो आधी कुरकुरतो आणि मग देतो. गूगलबॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम, आजही कुठकुठले पत्ते ठोठावतोय ते तिथेच दिसतं. २०११ साली कुणीतरी काढून टाकलेल्या विभागाचे पत्ते त्यात सापडतात, आणि मालक म्हणतो, “अरे, हे तर मीच विसरलो होतो!”

शीट झाली की क्लिक आणि लिंका यांच्या क्रमाने लावा. वरची शंभरेक पानं हाताने, एकेक उघडून जुळवा. बाकीच्यांना नमुन्यावर चालणारे नियम पुरतात, उदाहरणार्थ पत्त्यातलं वर्ष आणि महिना गाळून उरलेला भाग तसाच ठेवणं.

इतकी खटपट कशाला? सगळे जुने पत्ते होमपेजवर वळवले तर?

एका पाककृतींच्या साइटचं हेच झालं होतं. साइट एका ताईंची, काम त्यांच्या ओळखीतल्या कुणीतरी केलेलं. अकराशेच्या वर पाककृती आणि एकच नियम: जे सापडत नाही ते होमपेजवर. “खरवस” शोधून आलेल्या माणसासमोर थेट होमपेज आणि वर फिरणारी तीन चित्रं. तो मागे जाणार नाहीतर काय करणार? गूगलही असल्या रिडायरेक्टला सॉफ्ट ४०४ मानतं, म्हणजे “पान नाही” असंच धरतं. ताईंनी आठ वर्षांत जमवलेल्या लिंका असून नसल्यासारख्या झाल्या. जुना बॅकअप मिळाला म्हणून एकास एक यादी करता आली. पुढे हळूहळू बरंचसं परत आलं, सगळं नाही.

जुन्या पानाला खरंच जोड नसेल तर त्याला सरळ ४०४ किंवा ४१० द्या. ४१०चा अर्थ “होतं, पण आता कायमचं गेलं”. त्यात कमीपणा काही नाही. ब्रिटिश सरकारने ऑक्टोबर २०१२ मध्ये डायरेक्टगव्ह आणि बिझनेस लिंक या दोन अवाढव्य साइटी बंद करून गव्ह डॉट यूके सुरू केली, तेव्हा जुन्या प्रत्येक पत्त्याचं काय करायचं हे ठरवलं होतं: नवं पान असेल तर ३०१, नसेल तर ४१०. आपल्या अकराशे पाककृती म्हणजे त्यापुढे किस झाड की पत्ती.

मराठी स्लग ठेवू की इंग्रजी अक्षरांत करू?

स्लग म्हणजे पत्त्यातला पानाच्या नावाचा भाग. देवनागरी पत्ते गूगलला नीट वाचता येतात, त्यामुळे नुसत्या रँकसाठी बदलायची गरज नाही. त्रास होतो तो दुसरीकडे, आणि पत्ते हलवताना तो उफाळून वर येतो.

देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे मात्रा आणि वेलांटीसुद्धा, यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं. पत्त्यात एका बाइटसाठी टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं, म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. “पुरणपोळी”त आठ चिन्हं आहेत, म्हणजे ७२ जागा. व्हॉट्सअ‍ॅपवर मराठी लिंक पाठवली की टक्क्यांची लांबलचक माळ दिसते ती यामुळे.

वर्डप्रेस ही साइट चालवायची प्रणाली स्लगला २०० जागा देते, म्हणजे जेमतेम बावीस चिन्हं. “उकडीचे मोदक करण्याची सोपी पद्धत” हे शीर्षक घ्या. वर्डप्रेस त्याचा स्लग करतं “उकडीचे-मोदक-करण्याची-सोप”. वेलांटी उडाली, “पद्धत” उडाली, आणि मोदक करण्याची सोप झाली! आता तुम्ही एक्सेलमध्ये शीर्षकांवरून जुने पत्ते तयार केलेत, तर ते पूर्ण शीर्षकाचे होणार आणि खऱ्या पत्त्यांशी कधीच जुळणार नाहीत. म्हणून जुने पत्ते डेटाबेसमधून किंवा साइटमॅपमधूनच घ्यायचे. मनाने रचायचे नाहीत.

दुसरा चकवा डोळ्यांना दिसतच नाही. “ॲप” हा शब्द एका कीबोर्डवरून अखंड “ॲ” वापरून येतो, दुसऱ्यावरून “अ” आणि वरचा चंद्र वेगवेगळे येतात, कधी मध्ये न दिसणारं जोडचिन्हही असतं. “सुऱ्या”मधल्या अर्ध्या “ऱ”चंही तेच. पडद्यावर सारखं, आतले बाइट निराळे. एका बातम्यांच्या साइटवर एक नियम का चालत नाही हे शोधण्यात माझी अख्खी दुपार गेली होती. कारण निघालं हे. तेव्हापासून पत्ता मी टाइप करत नाही, ब्राउझरमधून कॉपी करतो.

तिसरी गोष्ट डेव्हलपरसाठी. अपाची या सर्व्हरचा रीराइट नियम पत्ता ताडून पाहतो तेव्हा तो आधीच उलगडून देवनागरीत आलेला असतो. म्हणून नियमाच्या डाव्या बाजूला टक्क्यांची माळ नाही, सरळ देवनागरी लिहायची आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करायची. इंजिनएक्स या सर्व्हरमध्ये लोकेशन जुळवतानाही तसंच. उजव्या बाजूला माळ तशीच चिकटवली तर टक्क्याचं चिन्हच पुन्हा एन्कोड होऊन पत्त्यात “%२५” घुसू शकतं आणि पान सापडत नाही. लॉगमध्ये “%२५” दिसायला लागलं की दुखणं हेच समजा.

वर्डप्रेस हे आपोआप करतं ना?

थोडंसं. पोस्टचा स्लग बदललात तर ते जुना लक्षात ठेवून वळवतं. पण ही सोय पोस्टना आहे, “पेज” प्रकारच्या पानांना नाही, कॅटेगरीलाही नाही. शिवाय पत्ता सापडला नाही तर वर्डप्रेस अंदाज बांधतं: ज्या स्लगची सुरुवात तशी आहे अशा पोस्टवर नेऊन सोडतं. “चकली” मागणारा “चकली-का-बिघडते” वर पोचतो. देवावर भरवसा ठेवा, या अंदाजावर नको. नियम शे-दोनशे असतील तर रिडायरेक्शन प्लगइन चांगलं. हजारोंमध्ये असतील तर ते सर्व्हरच्या पातळीवरच लावा, नाहीतर प्रत्येक वेळी सगळं वर्डप्रेस जागं होऊन मग वळवणार.

जुनी पानं गूगलमधून लवकर जावीत म्हणून रोबोट्स फाइलमध्ये बंद करू का?

अजिबात नको. ती फाइल गूगलबॉटला कुठे जायचं नाही ते सांगते. जुना पत्ता बंद केलात तर गूगलबॉट तिथे जाणारच नाही, आणि गेलाच नाही तर रिडायरेक्ट त्याला दिसणार कसा? सर्च कन्सोलमधलं पानं काढायचं साधनही याला वापरायचं नाही. ते पान साधारण सहा महिने लपवतं, कुठे हलवत नाही.

एका रिडायरेक्टवर दुसरा चढला तर चालेल?

गूगलबॉट दहा पावलांपर्यंत मागोमाग जातो, पण साखळी तीनच्या आत ठेवा असं गूगलच सुचवतं. साखळ्या कळत नकळत तयार होतात: २०१५ मध्ये एकदा पत्ते बदलले, मग एचटीटीपीएस आलं, मग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू काढलं, आता पुन्हा पत्ते. नवी शीट करताना जुने नियमही काढून बसा आणि प्रत्येकाचं टोक थेट आजच्या पत्त्यावर न्या. आणि साइटच्या आतल्या लिंका रिडायरेक्टच्या भरवशावर सोडू नका. मेनू, लेखांतल्या लिंका, कॅनॉनिकल टॅग (पानाचा खरा पत्ता कुठला ते गूगलला सांगणारी खूण), साइटमॅप, सगळीकडे नवाच पत्ता हवा. कॅनॉनिकल जुन्यावर बोट दाखवतोय आणि जुना नव्यावर वळतोय, असं असेल तर गूगलने कुणाचं ऐकायचं?

लाइव्ह केल्यावर पहिल्या दिवशी काय बघायचं?

सगळ्यात आधी एक टिक. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये, रीडिंगच्या पानावर, सर्च इंजिनांना परावृत्त करण्याचा एक चौकोन असतो. चाचणीची साइट गूगलला दिसू नये म्हणून डेव्हलपर तिथे टिक करतो आणि तसाच लाइव्ह करतो. हसू नका, माझ्याकडून हे एकदा झालंय.

मग शीटमधले जुने पत्ते क्रॉलरमध्ये यादी म्हणून टाका आणि प्रत्येक पत्ता एकाच पावलात २००, म्हणजे “पान आहे”, असं उत्तर देणाऱ्या पानावर पोचतो का ते बघा. नवा साइटमॅप सर्च कन्सोलमध्ये द्या. एका फाइलीत ५०,००० पत्ते मावतात, म्हणजे आपल्यासारख्यांना एकच फाइल पुष्कळ. जुन्या पत्त्यांचाही साइटमॅप मी महिनाभर ठेवतो, म्हणजे गूगलबॉट त्या पत्त्यांवर लवकर जाऊन वळण बघून येतो. बिंगला बदललेले पत्ते कळवायला इंडेक्सनाऊ आहे. गूगल ते वापरत नाही. पुढचे दोन आठवडे रोज सकाळी चहासोबत ४०४चा लॉग चाळा, यादीतून निसटलेले पत्ते तिथे येऊन उभे राहतात.

सर्च कन्सोलमध्ये “रिडायरेक्ट असलेलं पान” म्हणून आकडा वाढतोय. काही चुकलं का?

नाही. तो वाढायलाच हवा. ते तुमचेच जुने पत्ते आहेत आणि वळले म्हणून इंडेक्समधून, म्हणजे गूगलच्या पानांच्या यादीतून, बाहेर पडताहेत. गूगलमध्ये आपल्या डोमेनच्या आधी “site:” लावून शोधल्यावर जुने पत्ते कित्येक महिने दिसत राहतात, त्यानेही घाबरू नका.

फोटोंचे पत्ते बदलले तर?

शक्यतो हात लावू नका. पानांच्या मानाने फोटो गूगल फार सावकाश पुन्हा बघतं. बदललेच तर त्यांनाही रिडायरेक्ट लावा.

डोमेनच बदलतोय. त्यात वेगळं काय?

पान ते पान रिडायरेक्ट इथेही लागतातच. भर म्हणून सर्च कन्सोलमध्ये पत्ताबदलाचं साधन आहे. ते फक्त डोमेन बदलताना वापरायचं. त्याच डोमेनच्या आत पत्ते बदलले किंवा एचटीटीपीचं एचटीटीपीएस केलं तर नाही. आणि जुनं डोमेन सोडू नका. वर्षाचे हजारएक रुपये वाचवायला जातात, मग कुणीतरी ते उचलतं आणि तुमच्या जुन्या लिंकांवर ऑनलाइन रमीचं दुकान थाटतं.

सगळं पूर्ववत व्हायला किती दिवस लागतात, आणि कधी करावं?

मध्यम आकाराच्या साइटची बहुतेक पानं काही आठवड्यांत नव्या पत्त्यावर जातात, मोठ्या साइटला जास्त लागतात. तेवढे दिवस ट्रॅफिक खालीवर होणार हे धरूनच मुहूर्त काढा. पाककृतींच्या साइटचे पत्ते गणपतीच्या आठवडाभर आधी किंवा फराळाच्या हंगामात हलवायचे नाहीत. दिवाळी उलटली, फराळाचे डबे रिकामे झाले की करा. संक्रांतीच्या तिळगुळापर्यंत बरंच स्थिरावतं. पर्यटनवाल्यांनी मेची सुट्टी टाळावी. आणि शुक्रवारी संध्याकाळी तर कुणीच करू नये.

रिडायरेक्ट कधी काढून टाकता येतात?

गूगल म्हणतं किमान वर्षभर ठेवा. मी म्हणतो, काढताच कशाला? गूगल एकवेळ नवा पत्ता शिकेल, पण फॅमिली ग्रुपमध्ये फिरणारा फॉरवर्ड शिकणार नाही.

एका मसालेवाल्यांनी पाकिटावर क्यूआर छापला होता, स्कॅन केला की त्या मसाल्याची पाककृती उघडायची. साइट नवी झाली, रिडायरेक्टही लागले, आणि दोन वर्षांनी नव्या डेव्हलपरने “जुना कचरा” म्हणून सगळे नियम पुसले. गूगलच्या आकड्यांत काही फरक दिसला नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नाही. लक्षात आलं ते एका गिऱ्हाईक बाईंनी दुकानात फोन करून विचारलं तेव्हा: “अहो, मटण शिजत ठेवलंय, आणि तुमच्या पाकिटावरची रेसिपी उघडत नाहीये. मसाला आधी घालू की नंतर?” गोदामात तेव्हा त्याच छपाईची पाकिटं अजून खोक्यांनी पडली होती. नियम त्याच संध्याकाळी परत चढवले, आणि फाइलीच्या डोक्यावर मराठीत एक ओळ लिहून ठेवली: पाकिटं संपेपर्यंत हात लावू नये.